गुडघा बसवला, मांडीचे काय?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा हिशेब आपल्या घरांत चोख होतो. सांधा किती रुपयांचा, खोलीचे भाडे किती, विमा कंपनी किती देणार, उरलेल्यासाठी कुणाची ठेव मोडायची, सारे वहीवर येते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली. दीड लाखाच्या पुढे जाणारा नेहमीचा सांधा ५४,७२० रुपये अधिक कर इतक्यावर आला, तेव्हा अडून बसलेल्या अनेकांना धीर आला. मात्र वहीत एक रकाना कोराच राहतो. टाके निघाल्यावर मांडीत ताकद कशी आणि किती दिवसांत आणायची, हा तो रकाना.

सांधा धातूचा असो की जन्माचा, त्याला पेलतात मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू. गुडघा सुजला की मेंदूकडून त्यांना पुरता हुकूम जात नाही, आणि वापर थांबला की ते भराभर वाळतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सांधा बदललेल्यांची ताकद महिनाभराने मोजली, तर ती आधीपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली. जुने दुखणे मात्र हळूहळू ओसरू लागते, आणि इथेच फसगत होते. दुखत नाही म्हणजे बरे झाले, असे आपण धरून चालतो.

"आई, तू आता काही करू नकोस," असे मुलगा मायेने म्हणतो आणि आईचा पाय खुर्चीतच वाळतो. दवाखान्यातून मिळालेला व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटलेला असतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, हे पहिल्या काही आठवड्यांसाठी उत्तम. चौथ्या महिन्यातही तेवढेच चालू असेल, तर ताकद वाढणार कशी? भार वाढवावा लागतो. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे, पायरी चढणे-उतरणे, घोट्याला वाळूची पिशवी बांधणे, पुढे व्यायामशाळेतले यंत्र; हे सारे फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली. शेवटच्या दोन-तीन वेळा पाय उचलताना कष्ट जाणवलेच पाहिजेत. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर एक पाऊल मागे यायचे.

'वजन' म्हटले की, "मला काय पैलवान व्हायचंय?" असे उत्तर येते. गंमत अशी की, तालमीतली बैठक नेमके हेच स्नायू घडवत होती.

घरातल्यांना निदान वेळ काढता येतो. भोसरी-चाकणच्या कंत्राटी पोराचे काय? दुचाकीवरून पडून किंवा कबड्डीत त्याचा गुडघ्यातला लिगामेंट तुटतो आणि तो नव्याने बसवला जातो. खेळाडूंवरचा २०१६ चा एक अभ्यास सांगतो की, मैदानावर परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने लांबवावे, तितकी पुन्हा दुखापतीची शक्यता दर महिन्याला निम्म्याने घटते. दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झाली तर आणखी घटते. कारखाना म्हणजे मैदान नव्हे, हे खरे. पण यंत्रापाशी आठ तास उभे राहणे, जड पेटी उचलून वळणे, हेही गुडघ्यालाच पेलायचे असते. दुखापत कामावरची नसेल, तर कर्मचारी राज्य विम्यातून आजारपणाचा भत्ता मिळतो तो वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस, पगाराच्या सुमारे ७० टक्के. पस्तीस वर्षे बँकेत आकडे जुळवले, पण ९१ दिवस आणि नऊ महिने यांचा मेळ मलाही बसवता येत नाही. पोरगा लंगडत कामावर येतो, कारण जागा जाण्याची भीती गुडघ्याहून मोठी असते.

याच पट्ट्यात मुरलीकांत पेटकरांनी टेल्कोत नोकरी केली. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेला हा जवान उपचार म्हणून पोहू लागला आणि १९७२ साली हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले. दुखापत गुडघ्याची नव्हती, कितीतरी गंभीर होती. आपल्या लक्षात पदक राहते. मधली सात वर्षे राहत नाहीत.

कंपन्यांना फार काही करावे लागणार नाही. पहिले काही महिने बसून करायचे काम, पाळीत फिजिओथेरपीसाठी तासाभराची सूट, आणि ताकद मोजून मगच जुन्या जागेवर पाठवणी. कायम कामगाराला हे मागण्यासाठी युनियन असते. कंत्राटी पोरासाठी हे कलम कंत्राटदाराच्या पुढच्या करारात घालायला व्यवस्थापनाला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.