पुराची रेघ आणि विम्याचा कागद



आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. २०१२ साली शिरोळ तालुक्यात पंचगंगेकाठच्या एका शेतकऱ्याला नवा गोठा बांधायचा होता. जोते किती वर घ्यावे, असे त्याने मला विचारले. त्याच्या जुन्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ अजून दिसत होती. ती पाहून मी सांगितले, "या रेघेच्या हातभर वर घ्या आणि निर्धास्त राहा." त्याने तसेच केले. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या गोठ्यात गुडघ्याच्या वर पाणी चढले. सुनेने रात्रीच दावी सोडली म्हणून म्हशी वाचल्या. पण एक वासरू गेले, वैरण गेली, आणि भाव येईल म्हणून राखून ठेवलेली सोयाबीनची पोती भिजून कुजली.

पूर ओसरल्यावर मी भेटायला गेलो. तो म्हणाला, "सायेब, रेघ तुमीबी बघितली, मीबी बघितली. नदीनं काय ती बघितली न्हाई." बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिकच लागले.

भिंतीवरची रेघ एवढेच सांगते, की एकदा पाणी इथवर आले होते. याच्या वर येणार नाही, असे ती सांगत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ २००५ साली पाणी सुमारे ५३ फुटांवर गेले होते. २०१९ साली ते ५७ फुटांवर गेले. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि आता असा पूर पुन्हा होणे नाही असे लोक म्हणतात तोच २०२१ च्या जुलैत ते ५६ फुटांवर पोचले. दोन वर्षेही मध्ये गेली नाहीत.

आपल्या दारात ऊन असतानाही पूर येतो, हेही ध्यानात घ्या. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांचे पाणी पंचगंगेत येते. कोयना, वारणेचे पाणी कृष्णेत येते. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पाऊस पडतो घाटमाथ्यावर, आणि पाणी साचते खालच्या सपाटीच्या शिवारात. म्हणून आभाळाकडे पाहण्यापेक्षा पातळीकडे पाहावे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. आयर्विन पुलावर हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. यांपैकी आपल्या गावाला लागू असलेले दोन आकडे घरातल्या पोरासोरांनाही पाठ हवेत.

जलसंपदा विभागाच्या नकाशावर नदीकाठाने दोन रेषा असतात. निळ्या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध क्षेत्र. तिथे बांधकाम करू नये. निळ्या आणि लाल रेषांमधला भाग नियंत्रित क्षेत्र. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे सांगतात. इथेच आपला गैरसमज होतो. "पंचवीस वर्षांचा पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे चिंता नाही," असे आपण धरून चालतो.

हिशेब असा आहे. मडक्यात २४ पांढरे दाणे आणि १ काळा दाणा घाला. दरवर्षी डोळे मिटून एक दाणा काढा आणि पुन्हा मडक्यात टाका. काळा निघाला की पूर. यंदा काळा निघाला म्हणून पुढच्या वर्षी निघणार नाही असे नाही, कारण तो पुन्हा मडक्यातच आहे. असे तीस वर्षे केले तर काळा दाणा एकदा तरी निघण्याची शक्यता शंभरात सत्तर येते. लाल रेषेवरच्या घरालासुद्धा तीस वर्षांत ही शक्यता शंभरात सव्वीस आहे. घर आपण तीस वर्षांहून अधिक काळासाठी बांधतो. तेव्हा रेषेच्या आत राहणाऱ्याने पूर येणारच असे धरून तयारी करावी.

आता विम्याकडे वळू. पुराने नुकसान झाले की सरकारी मदत मिळते, मग विमा कशाला, असे बरेच जण विचारतात. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पिकासाठी हेक्टरी मदत कोरडवाहूला ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये धरली आहे. तीही दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकार कधी त्यात भर घालते. पण हा आधार आहे, नुकसानीची भरपाई नव्हे.

पीक विम्यात एक रुपयात नोंदणी २०२३ च्या खरिपापासून होती. ती २०२५ च्या खरिपात बंद झाली. त्या हंगामापासून शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के असा झाला. भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरू लागली. म्हणजे समजा, तुमच्या महसूल मंडळाचे सोयाबीनचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी १६ क्विंटल आहे आणि प्रत्यक्षात सरासरी १२ क्विंटल निघाले. तूट चौथा हिस्सा. विमा रक्कम ५०,००० असेल तर १२,५०० रुपये मिळतील, आणि हप्ता पडेल १,००० रुपये.

नदीकाठच्या शेतकऱ्याने यातली मेख ओळखावी. ही सरासरी मंडळाची असते. तुमचे मळीचे रान पूर्ण बुडाले, पण मंडळातली माळावरची राने पिकली, तर तूट दिसत नाही आणि हातात काही येत नाही. नियम हंगामागणिक बदलतात. म्हणून हप्ता भरण्याआधी कृषी सहायकाला हे दोन प्रश्न विचारा: "यंदा एकट्या शेतात पाणी साचले तर भरपाई आहे का? असल्यास किती तासांत कळवायचे?" ऊस आपल्याकडे खरीप विम्याच्या यादीत नसतो, हेही माहीत असू द्या. ई-पीक पाहणीत सोयाबीन आणि अर्जात भुईमूग असे होऊ देऊ नका.

जनावरांचा विमा कानातल्या बिल्ल्यावर चालतो. बिल्ला पडला तर लगेच कळवून नवा घ्या. बिल्ल्यासह जनावराचा फोटो काढून ठेवा. जनावर दगावले तर पशुवैद्यकाचा दाखला घेतल्याशिवाय पुरू नका. पुरात कासरा सोडायला मात्र क्षणाचाही विचार करू नका.

घराचा विमा खेड्यात फार थोडे लोक घेतात. एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी आहे. आग, वादळ, भूकंप यांबरोबर पूरही तिच्यात येतो, आणि घरातल्या सामानालाही ठराविक मर्यादेपर्यंत संरक्षण असते. सही करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: तुमचे बांधकाम कच्चे धरले आहे की पक्के, आणि गोठा त्यात धरला आहे की नाही.

ही सगळी कामे मृगाच्या आधी उरका. खरीप विम्याची मुदत बहुधा जुलैअखेर असते. २००५ आणि २०२१ चे पूर जुलैतच आले होते. पाणी वेशीत आल्यावर काढलेला विमा त्या पाण्याला लागू होत नाही. सातबारा, पासबुक, पावत्या, बिल्ल्यांचे नंबर एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, आणि एक प्रत उंचावरच्या पाहुण्यांकडे द्या.

त्या शेतकऱ्याने २०२० साली गोठा गावठाणाच्या वरच्या अंगाला हलवला. पुढच्या वर्षीच्या पुरात तो कोरडा राहिला. जुन्या भिंतीवर आता २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन रेघा आहेत. त्याने मला पुन्हा विचारले, "सायेब, आता किती वर?" या वेळी मी भिंतीकडे पाहिले नाही. आम्ही दोघे मिळून नकाशा पाहायला गेलो.

तुम्हीही तो एकदा पाहून या.