खेळ मांडणाऱ्याचे घर

गेल्या वैशाखात नातीला घेऊन चार दिवस मयेस जाण्याचा योग आला. डिचोली तालुक्यातील हे गाव प्रवाशांना तेथील तळ्यामुळे ठाऊक आहे. आम्हांला ते मावसबहिणीचे सासर म्हणून ठाऊक. विसाव्यासाठी म्हणून गेलो. परंतु पहिल्याच रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील एक तंटा आमच्यापुढे आला आणि वडीलकीच्या नात्याने त्याचा निवाडा करण्याची पाळी आमच्यावर आली.

तंटा असा. भाच्याने संगणकशास्त्राची पदवी घेतली, पणजीस दोन वर्षे नोकरी केली आणि ती सोडून दोन मित्रांसह एक व्हिडिओ गेम करावयास घेतला. एक मित्र चित्रे काढतो, दुसरा संगीत पाहतो, भाचा संगणकाची आज्ञावली लिहितो. यांना पगार देणारी कंपनी नाही की कामाची मुदत ठरवून देणारा मालक नाही. दीड वर्ष झाले, गाठीचा पैसा सरला आणि खेळ मात्र निम्माच झाला आहे. तेव्हा घर तारण ठेवून कर्ज काढावे, अशी त्याची मागणी. "मामा, तुम्हीच बाबांना समजवा," तो म्हणाला. भावोजी एवढेच म्हणाले, "हे घर म्हणजे काय, ते आधी याला कोणीतरी समजवा."

मयेच्या माणसाच्या तोंडी या वाक्याला निराळे वजन आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाला, त्या वेळी गावातील जमिनीचा फार मोठा भाग एका पोर्तुगीज उमरावाच्या नावावर होता. पुढे १९६४ च्या कायद्यान्वये ती सारी स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात गेली. पिढ्यान् पिढ्या तेथे राहणारी, कुळागरे शिंपणारी माणसे कागदोपत्री कशाचीच मालक नव्हती. २०१४ साली गोवा विधानसभेने कायदा केला, तेव्हा कोठे मालकीच्या सनदांची वाट मोकळी झाली. भावोजींच्या हाती सनद येऊन अद्याप फार दिवस झालेले नाहीत. तो कागद मुलाच्या खेळापायी बँकेच्या कपाटात जावा, ही कल्पनाही त्यांना सोसवत नव्हती.

शिवाय 'गेम' या शब्दाविषयीच त्यांच्या मनात किंतु होता. मटका त्यांनी पाहिला आहे आणि मांडवीच्या पात्रातील कसिनोंचे दिवेही. मोबाइलवर पैसे लावून लोक कसे बुडाले, ते त्यांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. परंतु ती गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली. ज्यांत पैज नाही, अशा खेळांस तो अडवीत नाही. भाच्याचा खेळ या दुसऱ्या जातीचा. जत्रेच्या रात्री दशावतारी मंडळींचा पेटारा हरवतो आणि एक मुलगा कंदील घेऊन तो शोधीत फिरतो, एवढेच त्याचे कथानक. करणाऱ्यांची स्थितीही दशावतारी मंडळींसारखीच: राजाचे सोंग घेणाराच आपल्या हाताने रंग लावतो, पेटारा उचलतो आणि संवादही ऐन वेळी आपणच रचतो.

दुसऱ्या दिवशी पडवीत बसून आमच्या नऊ वर्षांच्या नातीने तो खेळ खेळून पाहिला. पहिली दहा मिनिटे ती रंगली. मग देवळामागच्या अंगणात येऊन अडली. पुढे जाण्याचे दार समोरच होते, पण ते तिला दिसेना. आम्ही सांगावयास तोंड उघडले, तोच भाच्याने खुणेने गप्प केले. तो स्वतः मागे बसून वहीत टिपणे करीत होता. "मामा, विकत घेणाऱ्याच्या घरी मी सांगावयास थोडाच असणार?" तो नंतर म्हणाला. त्या रात्री दोन वाजेपर्यंत त्याच्या खोलीत दिवा जळत होता. हे काम आहे, रिकामपणाचा चाळा नव्हे, याविषयी आमच्या मनात त्यानंतर शंका उरली नाही.

मात्र काम खरे असले, तरी त्याला मोल मिळेलच असे नाही. भाच्याने आपल्या बाजूने पुण्याचा दाखला दिला. 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही संस्था श्रुती घोष, अविचल सिंह व इयन मॉड यांनी तेथे २०१७ साली काढली. असुरांनी पळविलेल्या भावाचा शोध घेणाऱ्या राजी नावाच्या डोंबारी मुलीची कथा त्यांनी योजली. राजस्थानी वास्तू, पहाडी शैलीचे रंग आणि कथा सांगावयास छायाबाहुल्या, असा तिचा थाट. त्याच वर्षी 'किकस्टार्टर' या लोकवर्गणीच्या व्यासपीठावर त्यांनी आवाहन केले. परंतु ठरविलेली रक्कम मुदतीत जमली नाही, आणि तेथील नियम असा, की रक्कम अपुरी राहिली तर निर्मात्याच्या हाती काहीच पडत नाही. काम थांबू नये म्हणून संस्थापकांपैकी एकाने आपली सदनिका विकली. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' प्रसिद्ध झाला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळासाठीच्या पारितोषिकाकरिता जगभरातून निवडलेल्या पाच खेळांत त्याचे नाव आले.

"पाहा, त्यांनीही घर घातलेच ना!" भाचा म्हणाला. दाखला खरा आहे. पण तो दुधारी आहे. घर विकूनही ज्यांचा खेळ कोणी पाहिला नाही, त्यांची नावे आपल्यापर्यंत येत नाहीत. 'स्टीम' ही संगणकावरील खेळांची सर्वांत मोठी पेठ. तेथे एक खेळ मांडावयाचे प्रवेशमूल्य १०० डॉलर आणि विक्रीतील साधारण ३० टक्के वाटा पेठेचा. दार असे सर्वांस उघडे असल्याने गर्दीही तशीच. २०२४ या एका वर्षात तेथे १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले, म्हणजे दिवसाला सुमारे ५०. मयेच्या तिघा मुलांचा खेळ या गर्दीत कोणाच्या नजरेस पडावा? खेळ करण्याहून तो लोकांच्या दृष्टीस पडणे अवघड, ही या धंद्यातील खरी अडचण.

यावर आम्ही अमेरिकेतील एरिक बॅरोन याची गोष्ट सांगितली. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ त्याने चारएक वर्षे एकट्याने केला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. परंतु त्या वर्षांत तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करी आणि घरखर्चाचा बराच भार त्याची सहचारिणी उचली. त्याचे नाव सर्वांना ठाऊक झाले. त्या घराने दिलेली चार वर्षे फारशी कोणी मोजीत नाही.

मावसबहीण इतका वेळ गप्प होती. तिने उठून फडताळातून एक रंगीत पेटी आणली. तीत सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा होत्या: दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने. डिचोलीचा मुलूख पोर्तुगीजांकडे जाण्यापूर्वी वाडीकर भोसल्यांचाच होता, तेव्हा ही कला या घरास परकी नव्हे. कागदावर कागद चिंचोक्याच्या खळीने चिकटवावयाचे, प्रत्येक पान हाताने रंगवावयाचे, वर लाखेचा लेप द्यावयाचा. छापील पत्ते स्वस्त झाले आणि ही कला विझत आली. १९७० नंतरच्या काळात शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी उरल्यासुरल्या चिताऱ्यांकडून ती शिकून राजवाड्यातच पुन्हा उभी केली. "हेही कोणीतरी घरी बसूनच केले," बहीण म्हणाली, "आणि कोणीतरी विकत घेतले, म्हणून ते टिकले."

त्या वाक्याने आम्ही वरमलो. भाच्यास उपदेश करणाऱ्या आम्ही आजवर अशा एकाही खेळाचे मोल दिले नव्हते. फुकट मिळेल तेवढे नातीच्या हाती ठेवले होते.

निवाडा झाला तो असा. घराच्या सनदेस हात लावावयाचा नाही. भाच्याने अर्धवेळ नोकरी धरावी आणि सारा खेळ पुरा करण्याचा हट्ट सोडून त्याचा पहिला भाग दिवाळीपर्यंत लोकांना खेळता येईल असा करावा. त्याला दाद मिळाली तर पुढचा विचार. न मिळाली तर ते शिक्षण समजावे. तोवर माडीवरची खोली आणि दोन वेळचे जेवण यांविषयी भावोजींनी शब्द काढू नये. निवाडा कोणालाच पुरता रुचला नाही. भाचा दोन दिवस घुश्श्यात होता. भावोजी मात्र तिसऱ्या दिवशी माडीवर जाऊन मुलाच्या मागे उभे राहून पडद्याकडे पाहत होते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांच्या हाती घर देऊ नका. मुदत घालून वेळ मात्र द्या. त्यांनी केलेले खेळून पाहा आणि जेथे अडलात ते खरेखरे सांगा. आणि परक्याच्या मुलाने केलेला खेळ आवडला, तर पुस्तकास मोजतो तसे त्याचे दाम मोजा. आम्ही परतल्यावर प्रथम 'राजी' विकत घेतला.

परवा मयेहून भाच्याचा निरोप आला. देवळामागच्या दारावर त्याने पणती ठेवली आहे. नातीला ती दिसते का, ते तिला न सांगता पाहून कळवावयाचे आहे.