वजन आपले, लांबी त्यांची



कापसाच्या भावावर भाषण झाले की शेवटी टाळीचे एक वाक्य हमखास येते : "शेतकऱ्याने कच्चा माल विकू नये, पक्का माल विकावा." वाक्य गोड आहे. पण कच्च्याचा पक्का होताना पैसा नेमका कुठे जन्मतो, हे सांगायला वक्ता थांबत नाही. त्याला पुढची सभा गाठायची असते. म्हणून आज आधी एका परक्या लोकरीचा हिशेब मांडतो.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, पूनो, कूस्को, अरेक्विपा या भागांत, चार हजार मीटरच्या आसपास उंचीवर अल्पाका पाळतात. जनावर उंटाच्या कुळातले, अंगावर दाट लोकर. जगातले बहुतेक अल्पाका या एका देशात आहेत. एवढ्या उंचीवर थंडीमुळे पिकाचा भरवसा नाही, गवत विरळ. जे जगते ते पाळायचे, आपल्या कोरडवाहूसारखेच. कातरणी बहुधा वर्षातून एकदा, जनावरामागे दोन किलोच्या आसपास लोकर.

ही लोकर विकण्याच्या जुन्या रीतीला तिथे 'अल बार्रेर' म्हणतात. अर्थ 'झाडून सगळे'. आपल्या बाजारात त्याला शब्द आहे सरसकट. दलाल दारात येतो, काटा लावतो, पाठीवरची मऊ लोकर आणि पायांची राठ लोकर एकाच भावात भरतो. अडीनडीला उचल त्यानेच दिलेली असते, त्यामुळे घासाघीस करायला तोंड राहत नाही.

माल पोचतो अरेक्विपा शहरातल्या गिरण्यांत. तिथे सरसकट काही चालत नाही! कसबी बायका बोटांच्या स्पर्शाने एकेका अंगाची लोकर निवडून वेगळी करतात. पेरूच्या मानकात २३ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक तंतूला 'बेबी' म्हणतात. नाव फसवे आहे, ती पिलाचीच असते असे नाही, बारीक असते एवढेच. ३१.५ मायक्रॉनच्या वरची ती जाडी. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

एवढ्याशा फरकाने काय होते? हिशेब शाळेतला आहे. तंतूची जाडी ३० वरून २० मायक्रॉनवर आली की त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सव्वादोनपट कमी होते. म्हणजे एक किलो बारीक लोकरीत जाड्या किलोच्या साधारण सव्वादोनपट लांबीचा तंतू असतो. काट्यावर दोन्ही किलो सारखेच.

आता सूत कसे बनते ते पाहा. लोकर धुतात, पिंजतात, विंचरतात. आखूड तंतू गळतात, लांब तंतू एका दिशेला लागतात. त्याचा जाड पेळू ओढून ओढून बारीक करतात आणि पीळ देतात. तंतू डिंकाने चिकटत नाहीत, पिळाने एकमेकांवर घासून धरून राहतात. म्हणून सुताच्या जाडीत ठरावीक तंतू असावेच लागतात, अशा विंचरलेल्या लोकरीच्या सुतात पस्तीस-चाळीस तरी. तंतू बारीक तर सूत बारीक आणि लांब. तंतू जाड तर सूत जाड, आणि विणलेला स्वेटर अंगाला टोचतो. अल्पाकाच्या तंतूला मेंढीच्या लोकरीसारखी लहर नसते, म्हणून विणलेला कपडा ओघळतो. त्यासाठी कितीदा मेंढीची लोकर मिसळावी लागते. हे सारे ज्ञान गिरणीकडे. डोंगरावर फक्त काटा.

हा खेळ नवा नाही. १८३६ च्या सुमारास टायटस सॉल्ट या इंग्रज गिरणीवाल्याने लिव्हरपूलच्या गोदामात पडून असलेली अल्पाका लोकर उचलली. कापसाचा उभा ताणा आणि अल्पाकाचा आडवा बाणा घालून त्याने चकाकणारे कापड काढले. १८५३ साली त्याची नवी गिरणी सुरू झाली, भोवती वसलेल्या गावाला त्याचेच नाव लागले, १८६९ साली सरकारने त्याला सरदारकी दिली. लोकर वाढवणाऱ्याच्या नावाने कुठे गाव वसले?

पेरूत काही ठिकाणच्या पशुपालकांनी यावर उपाय केला. गोळा केंद्रे काढली, त्यांच्याच बायका प्रतवारी शिकल्या, आणि लोकर निवडून विकू लागले. त्यांनी गिरणी बांधली नाही. गिरणीचे मोजमाप तेवढे हातात घेतले.

आपण मात्र उलटे केले. सहकारी सूतगिरण्यांचे भाग घेतले, उद्घाटनांना गर्दी केली. त्यांतल्या कितीतरी गिरण्या बंद पडल्या. आणि कापूस आजही डोळ्यांनी पारखला जातो. काळ्या पडलेल्या ज्वारीचा भाव पाडताना व्यापाऱ्याला प्रत आठवते. टपोऱ्या दाण्याला चढा भाव देताना विसरते. कापसातही ओलाव्याची कट्टी लागते, पण रुईचा उतारा जास्त म्हणून वाढीव पैसे कोण देतो? क्विंटलला ३३ किलो रुई देणारा आणि ३६ किलो देणारा कापूस एकाच ढिगात पडतो. वीस क्विंटलमागे हा फरक ६० किलो रुईचा. तेवढी सरकी कमी होईल हे खरे, पण रुई आणि सरकीच्या भावातले अंतर तुम्हाला माहीत आहे.

व्यापारी म्हणतो, "शेतकरीच ओला माल आणतो, कवडी मिसळतो." काही जण आणतात, खोटे नाही. पण सरसकट भावात निवडून वेचणाऱ्या बाईची वाढीव मजुरी कोणी भरून देत नाही. जी व्यवस्था चोख माणसाला दंड करते, तिने मिसळणाऱ्याला शिव्या देऊ नयेत.

तेव्हा पक्क्या मालाची भाषणे पुरे. मागणी एवढीच : कापसाच्या प्रत्येक पावतीवर ओलावा, धाग्याची लांबी, मायक्रोनेअर आणि रुईचा उतारा हे चार आकडे लिहिलेच पाहिजेत, आणि भाव त्यांवर ठरला पाहिजे. आणि आपल्या बाजूने : पहिल्या वेचणीचा कापूस, कवडी आणि फरदड वेगवेगळे ठेवा. चार-पाच घरांनी एका जातीचा माल एकत्र करून जिनिंगमध्ये स्वतःसमोर रुई काढून बघा. उतारा वहीत लिहा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती वही घेऊन या.