अबोला

एप्रिल २०२१, करोनाचे दिवस. मामा व्हेंटिलेटरवर होता आणि आईने देव पाण्यात घातले होते. तांब्याच्या पातेल्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि खंडोबाचा टाक. आठव्या दिवशी सकाळी फोन आला. पुढचे तीन दिवस सुतक, पूजा नाही, म्हणून देव तसेच पाण्यात राहिले. चौथ्या दिवशी न्हाऊन आईने एकेक देव बाहेर काढला, पंचाने कोरडा केला, देव्हाऱ्यात ठेवला. म्हणाली, ‘‘याच्याशी मी बोलणार नाही आता.’’ आणि निरांजनात तेल घातलं.

त्या दिवसांत घरी दोन प्रकारची बोलणी ऐकली. पहिली भाविकांची. देवाची इच्छा, गेल्या जन्मीचं काहीतरी असेल, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात. हे बोलणारे प्रेमाने बोलतात, तरी ते चूक आहे आणि क्रूरही आहे. गेलेल्या माणसाच्या गळ्यात न केलेला गुन्हा अडकवायचा आणि त्याला कर्म म्हणायचं, हे कोणत्या भक्तीत बसतं? शिवाय त्या उन्हाळ्यात ऑक्सिजनसाठी माणसं वणवण फिरली. त्याचा जाब माणसांनी माणसांना विचारायला हवा होता. ‘देवाची इच्छा’ म्हटलं की तो जाब बुडतो.

यावर तुकोबांचा दाखला दिला जातो. १६३०च्या दुष्काळाने त्यांचा व्यापार बुडवला, पहिली बायको आणि मुलगा गेला. तरी त्यांनी त्या दुष्काळालाच बरं म्हटलं ना? म्हटलं. पण ते त्यांनी स्वतःच्या जखमेबद्दल म्हटलं. शेजारच्या घरात प्रेत असताना दारात उभं राहून सांगितलं नाही. लोकांसाठी त्यांनी काय केलं, तर परंपरा सांगते, आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. आणि विठ्ठलाशी ते जन्मभर भांडले. गाथा उघडावी, विनवणीच्या शेजारीच तक्रार सापडते.

दुसरं बोलणं बुद्धिवाद्यांचं. ‘‘पाण्यात नुसतं पितळ होतं, आता तरी पटलं ना?’’ पंढरपूरचं देऊळ बंद झालं तेव्हा हेच लोक म्हणत होते, देवच घाबरला. मला तर तिथे उलटं दिसलं. २०२० साली संतांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि वारकरी घरी थांबले. वर्षानुवर्षं चाललेले पाय उंबऱ्याच्या आत राहिले, कारण आपल्यापायी दुसऱ्याला रोग लागू नये. माळ घातली की विषाणू शिवणार नाही, असं त्यांच्या श्रद्धेने कधी मानलंच नव्हतं. श्रद्धा म्हणजे विम्याची पॉलिसी असं आधी आपणच ठरवायचं आणि मग पैसे मिळाले नाहीत म्हणून ती खोटी ठरवायची, हा युक्तिवाद मला मान्य नाही.

आईने देव पाण्यात घातले ते भावासाठी, हे खरं. तिचं मागणं फुकट गेलं, हेही खरं. ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर तिने जे केलं, त्याला मी श्रद्धा म्हणतो. तिने अबोला धरला. अबोला परक्याशी धरता येत नाही. जो नाहीच अशी खात्री आहे, त्याच्याशीही धरता येत नाही. रोज संध्याकाळी ती दिवा लावायची, हात न जोडता क्षणभर उभी राहायची आणि वळायची. इतका सच्चा नमस्कार मी दुसरा पाहिलेला नाही.

कार्तिकी एकादशीला ती पुन्हा हरिपाठाला बसली. का, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

म्हणून ज्यांचा विश्वास आज डळमळला आहे त्यांना सांगतो, रागवा, भांडा, गप्प बसा. त्याने पाप लागत नाही. आणि जे अशा घरी भेटायला जाणार आहेत, त्यांना हात जोडून विनंती आहे. देवाच्या बाजूने किंवा देवाविरुद्ध काहीही समजावू नका. पिठलं-भाकरी घेऊन जा आणि थोडा वेळ जवळ बसा.