टाक्यावरचें नांव

कामशेतहून पवन मावळांत उतरलें म्हणजे बेडशाचीं लेणीं लागतात. तेथील चैत्यगृहाच्या स्तंभांपुढें प्रवासी थबकतात. आमचें लक्ष मात्र जवळच्या पाण्याच्या टाक्याकडे गेलें. त्यावरील ब्राह्मी लेख सांगतो कीं, हें महाभोजाची कन्या व आपदेवणकाची पत्नी महारठिनी सामडिनिका हिचें धर्मदान होय. चैत्याच्या ओसरींतील एका खोलीच्या दारावर नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचें नांव आहे. सुमारें दोन हजार वर्षें हीं नांवें टिकलीं. ज्यांनीं छिन्नी चालविली त्यांचें नांव मात्र या लेखांत नाहीं.

हें आठवण्याचें कारण संगणकाच्या जगांतील एक वाद. ‘ग्नू पॅरलल’ नांवाची एक मुक्त आज्ञावली आहे. ती कोणींही फुकट घ्यावी, तिचा मूळ मजकूर पाहावा, बदलावा. मोठें काम तोडून त्याचे अनेक भाग एकाच वेळीं संगणकाकडून करवून घेणें हा तिचा उपयोग. तिचे कर्ते ओले टांगे यांनीं वापरणाराच्या पडद्यावर एक सूचना उमटेल अशी योजना केली आहे: संशोधनांत हिचा उपयोग केल्यास निबंधांत तसा निर्देश करा, तें नको असेल तर १०,००० युरो द्या. ‘निर्देश करीन’ अशा अर्थाचे दोन शब्द एकदां टंकले कीं सूचना थांबते. परवान्याची ही अट नव्हे. तरीही कित्येकांस ती जाचक वाटते.

फुकट दिल्यावर मोबदला कां मागावा, असें आमच्या घरांतील तरुण मंडळी विचारतात. आम्हांस हें पटत नाहीं. विद्यापीठांत नेमणूक व अनुदान देतांना निर्देशांची मोजदाद होते. ज्याच्या अवजारावांचून निबंध झालाच नसता तो मात्र कोरडा राहतो. जुन्नर तालुक्यांतील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षणें घेणारे संशोधक निबंधाच्या शेवटीं तेथील कर्मचाऱ्यांचे आभार मानतात. त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं.

खटकते ती मागण्याची जागा. बेडशाच्या टाक्यावर नांव आहे, पण पाणी पिणाराकडून तें वदवून घेणारा कोणी तेथें उभा नाहीं. निर्देशाचा मजकूर आज्ञावलीच्या माहितीपुस्तिकेंत ठळक असावा. चालत्या कामांत तो आडवा येऊं नये. आतां, पुस्तिका वाचतो कोण, असें टांगे म्हणतील, तर त्यांस उत्तर देणें कठीण आहे. आमचा एक पुतण्या सध्यां प्रबंध लिहीत आहे. त्याची संदर्भसूची आम्हीं परवां चाळली: सात आज्ञावली वापरल्या, नांव एकीचेंही नाहीं. तसें त्यास कळविलें आहे.