धार आधी की गंज आधी?



मशीन घेताना आपण चार ठिकाणी कोटेशन मागतो. दिवसभर हातात राहणारा घडीचा चाकू मात्र दिसेल तो उचलतो. पावसाळ्यात तो गंजतो, सांध्यात अडकतो, मग आपण जोर लावतो आणि बोट कापून घेतो.

माझं मत स्पष्ट आहे. तुमचं काम ओल्यातलं असेल, म्हणजे फळं, फुलं, नर्सरी, मासळीचं पॅकिंग, तर कार्बन स्टीलच्या मोहात पडू नका. त्याला धार छान लागते, मान्य. पण लिंबा-कैरीच्या रसाने ते काळं पडतं आणि ओलं राहिलं की गंजतं. स्टेनलेसमध्ये साधारण १०.५ टक्के किंवा जास्त क्रोमियम असतं. त्यामुळे पात्यावर पातळ संरक्षक थर तयार होतो. ४२० सारखं साधं स्टेनलेस घ्या. त्याची धार लवकर उतरते, पण दगडावर घासली की परत येते. गंजाने पडलेले खड्डे असे सहज जात नाहीत.

स्टेनलेस म्हणजे अमर नव्हे. खारं पाणी त्यालाही खातं. म्हणून रोज गोड्या पाण्याने धुवा, पुसा, उघडा ठेवून वाळवा. खोकी कापायला एक आणि खाण्याच्या मालाला दुसरा, असे दोन चाकू ठेवा.

गिऱ्हाईक तुमचं बिझनेस प्लॅन बघत नाही. फळाची फोड देणारा हात आणि हातातलं पातं बघतं. तिथे गंज दिसला, तर ते काही बोलणार नाही. फक्त परत येणार नाही.

आज दुकान बंद करताना आपला चाकू एकदा उघडून बघाच!