खाते भरपूर, तरी वाळते का?

आमची मनी बारा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात तिची भूक अचानक वाढली. दूधभात चाटूनपुसून संपवायची आणि पुन्हा ओट्याखाली येऊन ओरडायची. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "म्हातारपणी जिभेला चव आलीय!" पण खाल्लेलं अंगी लागेना. पाठीचा कणा हाताला लागायला लागला. पाणीही सारखं प्यायची.

रक्त तपासलं तर साखर वाढलेली. रोज दोन वेळा इन्शुलिन सुरू झालं. सुई टोचायचं काम अर्थातच माझ्याकडे! डोस वाढत गेला, साखर काही उतरेना. "तूच वेळा चुकवत असशील," हेही ऐकून घेतलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तिची मान चाचपली आणि थायरॉईड तपासायला सांगितलं. ते वाढलेलं निघालं.

आपल्या बायकांमध्ये थायरॉईड बहुधा मंदावतं. म्हाताऱ्या मांजरांत मात्र उलट, ती ग्रंथी जास्तच काम करते. साधारण दहा वर्षांपुढच्या मांजरांना हा आजार होतो. भूक वाढणं, वाळणं, जास्त पाणी पिणं ही लक्षणं तर थेट मधुमेहासारखीच! शिवाय थायरॉईडचा हा जोर इन्शुलिनचा परिणाम कमी करतो. मग डोस वाढवूनही साखर हटत नाही.

तपासण्याही चकवतात. घाबरलेल्या मांजराची साखर दवाखान्यात तेवढ्यापुरती चढते. मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी थायरॉईड वाढलेलं असताना प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, वयस्कर मांजर वाळायला लागलं, की साखरेबरोबर थायरॉईडही तपासा, असा आग्रह आपणच धरायला हवा.

आणखी एक. थायरॉईडच्या गोळ्या लागू पडल्या, की इन्शुलिन कमी लागू शकतं. जुनाच डोस चालू राहिला तर साखर एकदम घसरून जिवावर बेतू शकतं. त्यामुळे या काळात साखर वरचेवर तपासायची आणि डोस डॉक्टरांना विचारूनच बदलायचा.

मनीचं इन्शुलिन आता निम्म्यावर आलंय. अंग भरलंय. घरात कोण किती जेवलं, कोण वाळलं, हे आधी आपल्याच नजरेला दिसतं ना? मग "वय झालं तिचं" म्हणून कुणी गप्प बसवलं, तर बसायचं नाही. आणि हो, स्वतःच्या दुखण्याच्या वेळीही नाही!